नवा कॅमेरा घेण्याआधी

प्रिय दोस्त,

लहानपणापासून कॅमेऱ्याचं वेड आहे, आता यूट्यूबवर उतरायचंय, तर कॅमेरा कुठला घेऊ, असं विचारलं आहेस. सध्या कुठलाच घेऊ नकोस. हातातल्या फोनवरच सुरुवातीचे व्हिडिओ कर. चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बघतात. आवाज घुमला किंवा फाटला की पुढे सरकतात. म्हणून पहिला खर्च कॉलर माइक आणि हेडफोनचा.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. ओढणी, गळ्यातली साखळी, जॅकेटची चेन त्याला घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐक. पंखा बंद, फ्रिजही बंद. आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायचं राहणार नाही. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतींवर गोधड्या टांगल्या की खोली घुमत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर मोठ्यात मोठा शब्दही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू दे. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, तो एडिटिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही. शेवटी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड कर. कट जोडताना मधल्या फटी त्यानेच भरायच्या असतात.

आता उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळेल ते, स्वतःच ठरवतो. मग चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की ते जातात. स्वस्त एलईडी घेतानाही दुकानातच शटर १/१००० वर नेऊन बघ. पट्टे दिसले तर तो दिवा नको. बाहेर भर उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरं पडतं: मोठ्या कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) अगदी बारीक, एफ २२ पर्यंत न्यावं लागतं. एफ ४ वर राहायचं असेल तर पाच स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) उजेड कमी करायला हवा, म्हणजे भिंगापुढे एनडी ३२ फिल्टर, उजेड अडवणारी काळी काच.

फोनची आणखी एक खोड आहे. उजेड कमी-जास्त झाला की तो फ्रेमचा वेगही बदलतो. एडिटिंगला बसलं की सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, दहाव्या मिनिटाला जुळत नाहीत. अशी फाइल आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घे.

सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के शूट केलंस तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात. कार्ड व्ही ३० दर्जाचं (हा लिहिण्याच्या वेगाचा दर्जा), ओळखीच्या दुकानातून घे. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हा नियम एकदाही मोडू नकोस.

हात बसवायचा असेल तर लग्नाच्या शूटिंगला कुणा मुख्य कॅमेरामनच्या जोडीला दुसऱ्या कॅमेऱ्यावर जा. तिथे रीटेक नसतो. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट सरकतो, अक्षता उडतात, आणि नेमका तेव्हा ऑटोफोकस अक्षतांच्या मागे धावू शकतो. आधीच फोकस लॉक केलेला असला तर चेहरे हातचे जात नाहीत. हे काम पैसेही देतं, आणि सुरुवातीची वर्षं तेच देईल असं धरून चाल. कॉलेज सोडू नकोस.

विसर्जनाच्या मिरवणुकीत शूट करायचं तर डीजेपासून लांब राहा. चित्रपटगीत मागे वाजत असलं की कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, ते ओळखते आणि उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतं, कधी व्हिडिओही अडतो. ढोल-ताशा पथकाजवळ हा धोका खूपच कमी.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधले तास त्या ४,००० मध्ये धरत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुझा. वय १८ च्या आत असेल तर अ‍ॅडसेन्स खातं (जाहिरातींचे पैसे यातूनच मिळतात) आई-वडिलांच्या नावाने जोडावं लागतं. पत्ता पडताळायला पिन पोस्टाने येतो, त्यामुळे घराचा नंबर, गल्ली, पिनकोड नीट भर, आणि पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेव.

पहिला व्हिडिओ झाला की कच्चाच पाठव. आधी आवाज ऐकेन.

तुझी,
ताई