कीबोर्डवाल्याचा डावा हात

बाळा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी मिरजेहून एसटीत उभा होतो, आणि तसंही फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहूनच पाठवतोय, निवांत वाच. तू म्हणतेस काका मला मोठा ॲम्प घ्यायचाय, आहे त्यात माझ्या बेस गिटारचा आवाज ऐकूच येत नाही, निदान शंभर वॉटचा तरी पाहिजे. नको घेऊस. म्हणजे कधीतरी घे, पण या कारणासाठी नको. परवा तुमच्या प्रोग्रामला मी मागं साऊंडवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, तुला सांगितलं नव्हतं कारण मग तू घाबरून घाईत वाजवतेस. आवाज भरपूर होता गं तुझा. फक्त तुझ्या जागेवर आधीच कुणीतरी बसलं होतं.

कीबोर्डवाल्याचा डावा हात कधी नीट बघितलायस का? सगळे उजवा बघतात. तुमचा पोरगा चांगला वाजवतो, कानाचा पक्का आहे, पण तो ऑर्केस्ट्रात तयार झालाय, आणि आपल्याकडच्या लहान ऑर्केस्ट्रात बेस वाजवायला वेगळा माणूस कुठं असतो, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी, दोन गायक, सुपारी वाटायला तेवढीच माणसं परवडतात. मग कीबोर्ड स्प्लिट करायचा, डावीकडं बेसचा टोन, उजवीकडं स्ट्रिंग्ज नाहीतर पियानो, आणि बेसचं काम डाव्या हातानं उरकायचं. वर्षानुवर्षं त्या हाताला तीच सवय. आता तू आलीस म्हणून तो हात आपोआप थांबेल असं तुला वाटलं, त्याला वाटलं तू त्याच्याबरोबर वाजवशील, आणि मागं बसलेल्या मला ऐकू काय आलं तर बाहेर रस्त्यावर ट्रक चालू ठेवून कुणीतरी जेवायला गेलंय असा एक अखंड घुंऽऽ.

आता हा घुंऽऽ येतो कुठनं ते समजून घे. तुझी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवलीस की सेकंदाला ४१ कंपनं होतात, पुढची ५५, मग ७३, आणि पातळ तार ९८. त्याचा डावा हात नेमका याच पट्ट्यात फिरतो. त्याचा कीबोर्ड ठरल्या सुरात काटेकोर लागलेला असतो, तुझी तार मात्र मंडपातल्या गरमीनं केसभर उतरलेली, तो ४१ वर आणि तू ४० वर असलीस तर सेकंदाला एक अशी लाट उठते, आवाज फुगतो बसतो, फुगतो बसतो. त्यात तो सस्टेन पेडलवर पाय ठेवून बसलाय, म्हणजे मागच्या कॉर्डचा खालचा सूर अजून विरला नाही तोवर पुढचा आला. त्यात ऑक्टोपॅडवरची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा धप्प. एवढ्या चिखलात तू शंभर वॉट ओतलेस तर चिखल वाढेल, दुसरं काय होणार.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत मी कशाला जातो असं तू मागं विचारलं होतंस ना. पहिल्यांदा गेलो ते माझ्या बेसचा नट, म्हणजे मानेवरची तारांच्या खाचांची पट्टी, तडकला म्हणून, गिटारचा नट इथं कुणाकडं मिळेना, शेवटी एका सतारीच्या कारागिराकडं गेलो. त्यानं हाडाचा एक तुकडा कानसेवर धरला, चार वेळा घासला की फुंकर, परत चार वेळा, परत फुंकर, दोरा घालून खाच बघितली, आणि चहा यायच्या आत नट तयार. मग तार छेडून म्हणाला, आम्ही जवारी काढतो ती तार झणझणावी म्हणून, तुमची झणझणली की तुम्ही तक्रार घेऊन येता. त्याच्यामागं भिंतीला भोपळे टांगलेले, पोरगं एका तंबोऱ्याला तारा चढवत बसलेलं. तंबोऱ्याला तारा चार, पंचम, दोन जोडीच्या आणि सगळ्यात खालचा खर्ज. खर्ज एकच. मी तोवर दहाएक वर्षं बँडमध्ये कीबोर्डवाल्यांशी भांडत आलो होतो, आणि माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं की खाली कुणी वाजवायचं हा प्रश्न आपल्या लोकांनी केव्हाच सोडवून ठेवलाय.

तर त्या पोराशी बोल. पण कसं बोलशील ते ऐक. ‘तू डावा हात वाजवू नकोस’ असं म्हणायचं नाही, वाजवणाऱ्याला ते हात कापल्यासारखं लागतं, मी एकदा एका मोठ्या वादकाला असं बोललो होतो, पुढचे सहा महिने त्यानं मला बोलावलं नाही, आणि मला तोंडावर काही सांगितलंही नाही. प्रॅक्टिस संपल्यावर चहाला घेऊन जा, आणि आधी त्याला काहीतरी दे. म्हणजे असं म्हण की संथ गाण्यात मुखडा तू एकट्यानं वाजव, दोन्ही हातांनी, मी बेस धरतच नाही, अंतऱ्याला येते. हे त्याला आवडेल, आणि अंतऱ्याला तू आलीस की खालून जमीन सरकून वर यावी तसं ऐकणाऱ्याला वाटेल, हा फायदा तुझाच. मग हळूच सांग की मी आल्यावर डावा हात वर घे, मधल्या सा च्या आसपास, तिथं कॉर्ड मोकळे सुटसुटीत वाजतात. खाली जवळजवळचे सूर एकत्र धरले की ते एकमेकांना खातात, हे तो स्वतः वाजवून बघेल तर त्यालाच पटेल, तू पटवायला जाऊ नकोस. स्टाईल, म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ, लावून वाजवत असेल तर त्यातला बेसचा पार्ट बंद करायची सोय असते, तो बंद करून घे, नाहीतर तुम्ही तिघं होता.

डावा हात म्हणजे गुन्हा असं मात्र डोक्यात घेऊ नकोस. अमेरिकेत द डोर्स नावाचा बँड होता, त्यांच्यात स्टेजवर बेसवाला नव्हताच, रे मॅन्झारेक डाव्या हातानं कीबोर्डवर बेस आणि उजव्यानं ऑर्गन वाजवायचा, आणि झकास वाजवायचा. तरी रेकॉर्डिंगला त्यांनीसुद्धा बऱ्याचदा बाहेरनं बेसवाले बोलावले. दोन्ही चालतं, एका वेळी एक चालतं.

आणि तुझ्या हातात काय आहे ते तुला अजून कळलेलं नाही असं मला वाटतं. तो पांढरी एकमध्ये सा ग प धरून बसलाय. तू खाली सा दिलास, कॉर्ड सरळ, घरी आल्यासारखा. तू खाली धैवत दिलास की तोच मायनर सेव्हन, जरा उदास असा कॉर्ड झाला, त्याचं बोट जागचं हललं नाही आणि गाण्याचा चेहरा बदलला. ग दिलास तर अधांतरी राहतं, पुढं कुठंतरी जायचंय असं वाटतं. ही तिन्ही आज घरी कुणालातरी कीबोर्ड धरायला लावून वाजवून बघ, अर्धा तास त्यातच घालव. हे सगळं त्याचा डावा हात खाली सा धरून बसला असेल तर वाया जातं, म्हणून तर एवढा आटापिटा.

ट्रान्सपोजच्या, म्हणजे पट्टी बदलायच्या, बटनापासून सावध. गायिका ऐनवेळी म्हणते आज घसा बसलाय, काळी चार नको पांढरी पाच करा, कीबोर्डवाला एक बटन दाबून मोकळा, त्याची बोटं जुन्याच पट्ट्यांवर आणि तू त्याची बोटं बघून वाजवतेयस. माझं झालंय असं, एका मंगल कार्यालयात अख्खा मुखडा मी अर्धा सूर वर, गायकानं असं बघितलं की मी त्याच्या ताटातली पुरणपोळी उचललीय. म्हणून दोन गोष्टी. त्याला सांगून ठेव की बटन दाबलंस की मला तोंडानं पट्टी सांग. आणि प्रत्येक गाणं मोकळ्या तारा न वापरता बसव, म्हणजे अर्धा सूर उतरायचा तर अख्खा हात एक फ्रेट, म्हणजे मानेवरची एक आडवी पट्टी, मागं, डोकं चालवायला लागत नाही. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ मध्ये जो बेस काढला त्याला प्रिसिजन नाव दिलं ते याच फ्रेटांमुळं, उभ्या डबल बेसवर सूर अंदाजानं शोधावा लागायचा, इथं पट्टी ठोकून दिलीय. मग तिचा फायदा घे की.

आता सामानाचं थोडक्यात. तुझ्या छोट्या ॲम्पचा आठ इंची स्पीकर ४१ चा सूर धड काढूच शकत नाही, तुला ऐकू येतात ते त्याच्या दुप्पट तिप्पटचे, ८२, १२३, आणि कान खालचा स्वतःच भरून घेतो. म्हणून स्टेजवर बेसचा नॉब जरा खाली आण आणि मिड, म्हणजे मधले सूर, वाढव. घरी एकटीला हे नाकात बोलल्यासारखं वाटेल, बँडमध्ये मात्र तेच सुरेख बसतं. घरी पूर्ण बेस पिळून जो गुबगुबीत टोन तू लावतेस ना, तो शनिवारी पहिल्याच गाण्यात बुडाला. ॲम्प कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नकोस, कोपरा खालचे सूर फुगवतो, तुमच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तर विचारूच नकोस. पैसे आहेतच तर एक चांगला डीआय बॉक्स, म्हणजे गिटार मिक्सरला जोडायची डबी, घे आणि सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला जा. माझा मोठा कॅबिनेट २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागात पाण्यात बसला, स्पीकरचा कागद पापडासारखा फुगला होता, बेस माळ्यावर होता म्हणून वाचला, तेव्हापासून मी डीआयवरच आहे आणि कंबरही सुखात आहे.

मंडपात हम, म्हणजे विजेची घरघर, आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटन दाबून बघ. प्लगची अर्थिंगची पिन मोडायची नाही, कुणी कितीही अनुभवी माणूस सांगू दे. जनरेटरवर चाललेल्या प्रोग्रामात माईकला ओठ लागून माझ्यासमोर एक गायक मागं फेकला गेलाय, वाचला, पण तो आवाज मी विसरलो नाही.

पाच तारांचा बेस आत्ता नको. खालची पाचवी ३१ वर लागते, आपल्याकडच्या स्टेजवरचे बॉक्स ती नुसती हलवतात, वाजवत नाहीत. तारा बदलायची पण एवढी घाई करू नकोस, मोटाऊन या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तरी मोटाऊनची ढीगभर गाणी त्या एका बोटावर उभी आहेत. तुझे सूर लांब होतात, ती खरी अडचण आहे. ढोलकी थाप देऊन मोकळी होते आणि तू मात्र सूर धरूनच बसतेस. डाव्या हाताचा दाब सैल केला की तार गप्प होते, फ्रेटवरनं बोट उचलायचं पण नाही, नुसतं सैल. ढोलकीवाल्या काकांसोबत एक दिवस फक्त हेच कर, कीबोर्डशिवाय. ते हसतील, करतील पण.

रविवारी चारनंतर मी घरी आहे. त्या पोरालाही घेऊन ये, मी काही बोलणार नाही, तुम्ही दोघं वाजवा आणि मी आत चहा टाकतो. येताना नऊ व्होल्टची बॅटरी आण, माझ्या बेसमधली संपलीय, रात्रभर जॅक लावलेला राहिला.

तुझा काका
सांगली