घराच्या भिंतीलगत पिंपळ आहे, साठेखत करू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नाशिकमध्ये जुना बंगला पसंत पडलाय, दोन लाख विसार देऊन झालाय, पुढच्या आठवड्यात साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा लेखी करार, आहे, आणि मागच्या भिंतीपासून सात-आठ फुटांवर शेजाऱ्यांचा साठेक वर्षांचा पिंपळ आहे, फांद्या गच्चीवर आल्यात, कंपाउंडला तडा गेलाय. एजंट म्हणतोय घर घेऊन टाका, झाडाचं नंतर बघू, मुळाशी ॲसिड ओतलं की आपोआप वाळेल.

हे ॲसिडचं आधी डोक्यातून काढून टाका, हात जोडून सांगतो. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू आहे आणि त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नाही, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यातच येतं, आणि शिक्षा नुसता दंड नाही, कैद पण आहे. शिवाय वाळलेला पिंपळ हिरव्या पिंपळापेक्षा धोकादायक, त्याच्या सुकलेल्या फांद्या पहिल्या वादळात तुमच्याच गच्चीवर येणार.

बरं, रीतसर परवानगी काढू म्हणाल तर याच कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष, धरतात. अधिकारी येऊन पाहणी करतो, झाडावर नोटीस लागते, पेपरात जाहिरात येते, लोक हरकती घेतात, आणि एवढं करून परवानगी मिळालीच तर झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावून जगवायची, म्हणजे इथे साठ. आणि शेजाऱ्यांना पिंपळ तोडायचाच नसेल तर? म्हणून घराची किंमत ठरवताना हे झाड तिथेच राहणार असं धरूनच ठरवा.

आता मला खरी काळजी वेगळीच आहे. पिंपळ शेजाऱ्यांचा हे तुम्हाला कोणी सांगितलं? जुन्या वस्त्यांमध्ये कंपाउंड म्हणजेच हद्द असं नसतं, झाड मधे आलं म्हणून भिंत वळवून बांधलेली मी कितीदा पाहिलीय. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, आणि नकाशा काढा आणि विकणाऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून द्यायला सांगा, त्यासाठी साठेखत पुढे ढकलावं लागलं तरी चालेल. बुंधा तुमच्या हद्दीत निघाला तर खरेदीखताबरोबर झाड तुमचं आणि ते कुणाच्या अंगावर पडलं तर जबाबदारी पण तुमची. बरोबर हद्दीवर असेल तर दोघांचं, मग एकट्याने काहीच करता येत नाही.

बुंधा त्यांच्याकडेच असेल तर तुमच्या जागेत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटायचा हक्क तुम्हाला आहे, किती का वर्षं त्या तिथे असेनात, फांदी लटकत ठेवायचा हक्क वहिवाटीने मिळत नाही. पण हा झाला शेजाऱ्याविरुद्धचा हक्क, महापालिकेची परवानगी त्यातून सुटत नाही, उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज करायचाच. त्यांच्या आवारात पाय ठेवायचा नाही आणि मुळांना तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातच लावू नका, एका बाजूची मोठी मुळं तोडली की झाड कलतं. ताबा मिळाला की शेजाऱ्यांशी आधी नीट बोला, नंतर फोटो जोडून एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. उद्या फांदी पडून नुकसान झालं तर ते म्हणतील आम्हाला काय माहीत, निसर्गाचा कोप झाला. धोका लेखी कळवलेला असेल तर हे म्हणणं कोर्टात टिकणं अवघड.

विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं का, असंही विचारलंत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे त्याला माहीत असलेला, पण साध्या तपासणीत तुम्हाला दिसणार नाही असा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. झाड तर डोळ्यांसमोर उभं आहे, तडा पण दिसतोय, त्यामुळे मला सांगितलं नाही अशी तक्रार नंतर चालणार नाही. घराच्या पायामध्ये मुळं शिरलीत, ड्रेनेज दोनदा फुटलंय, झाडावरून शेजाऱ्यांशी दावा चालू आहे, हे मात्र लपवलं तर त्याला धरता येतं. म्हणून हे सगळं आत्ताच लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर विचारलंत तरी चालेल, उत्तर जपून ठेवा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया, ड्रेनेज आणि गच्ची दाखवा, त्याची फी वाचवू नका. आणि साठेखतात दोन वाक्यं घालून घ्या: झाडाबद्दल कुठलाही दावा, तक्रार किंवा महापालिकेची नोटीस प्रलंबित नाही असं विकणाऱ्याचं लेखी कथन, आणि मोजणीत किंवा इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये गंभीर काही निघालं तर विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. दुसरं वाक्य घालायला तो तयार नसेल तर सही करू नका, आधी तुमची विसार पावती घेऊन वकिलाकडे जा. त्या पावतीत व्यवहार मोडल्यास विसार जप्त असं लिहिलंय का, हे तुम्ही कळवलं नाहीत, ते आजच बघा.