ताईला विचारा: डरहॅममध्ये आम्ही दोघांनी घर कुठे घ्यावं?

प्रश्न: ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, वय ३१, नॉर्थ कॅरोलायनात रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये आयटीत आहे. सध्या मॉरिसविलला दोन मित्रांबरोबर राहतो. मी गे आहे, घरी फक्त बहिणीला माहितीये. माझा पार्टनर इथलाच, डरहॅमला ड्यूकच्या हॉस्पिटलात काम करतो. लीज संपत आलीये आणि आता एकत्र राहायचं ठरलंय. पण हे पडलं साउथ, बाथरूम बिलाचं राज्य, त्यामुळे इथे गे एरिया कुठला तेच कळत नाहीये. आणि आमच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक मजल्यावर एक तरी मराठी कुटुंब आहे, त्यांच्या नजरेपासून लांब जायचंय, पण भाजी, गणपती आणि रविवारचं क्रिकेट सुटायला नको. काय करू?

उत्तर: अरे, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोसारखा, चौकात उभं राहून 'हाच तो एरिया' म्हणता येईल असा भाग ट्रँगलमध्ये, म्हणजे रॉली-डरहॅम-चॅपल हिलच्या या पट्ट्यात, नाहीये, तो शोधण्यात वेळ घालवू नकोस. इथे आपली माणसं विखुरलेली आहेत, पण अगदी कुठेही असं नव्हे, बरीचशी डरहॅमच्या जुन्या मध्यभागात आणि पलीकडे कारबोरो-चॅपल हिलकडे.

बाथरूम बिल, म्हणजे सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायची सक्ती करणारा कायदा, झाला २०१६ च्या मार्चमध्ये. वर्षभरात देशभर छी-थू झाली आणि २०१७ मध्ये ते मागे घेतलं, पण मागे घेताना मेख मारून ठेवली की १ डिसेंबर २०२० पर्यंत कुठल्याही शहराने भेदभावाविरुद्ध स्वतःचा नवा नियम करायचा नाही. ती मुदत संपली आणि २०२१ च्या जानेवारीतच हिल्सबरो, कारबोरो, चॅपल हिल आणि डरहॅमने एकापाठोपाठ एक नियम करून टाकले, जणू कागद तयार ठेवून कॅलेंडरकडे बघत बसले होते. रॉली आणि वेक काउंटीनेही (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) त्याच वर्षी ऑक्टोबरात केले. राज्याचं सरकार एकीकडे आणि ही शहरं दुसरीकडे असं इथे कायम चालतं, त्यामुळे 'नॉर्थ कॅरोलायना कसं आहे' हा प्रश्नच चुकीचा, 'कुठलं गाव' ते विचारायचं.

मी तर आधी मतदान बघते. ब्रोशर खोटं बोलेल, मतपेटी कशाला बोलेल? २०१२ च्या मे महिन्यात समलिंगी लग्नावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती राज्याने ६१ टक्क्यांनी पास केली, १०० काउंट्यांपैकी फक्त आठ विरोधात गेल्या, आणि त्या आठांत डरहॅम, ऑरेंज, वेक आणि चॅटम, म्हणजे तुझ्या ऑफिसच्या चारही बाजू. डरहॅममध्ये तर जवळपास ७० टक्के लोक विरोधात होते. (ती बंदी २०१४ च्या ऑक्टोबरात कोर्टाने उडवली, तेव्हापासून या राज्यात लग्न करता येतं.) कारबोरोने १९९५ मध्येच उघडपणे गे असलेला महापौर निवडून दिला होता, राज्यातला पहिला.

आता डरहॅमबद्दल जरा जास्त बोलते, कारण माझं मत तिथेच आहे. हे तंबाखूचं गाव, सिगारेटचे कारखाने आणि सूतगिरण्या. १९८१ च्या एप्रिलमध्ये गावाच्या उत्तरेला लिटल रिव्हरवर ऊन खात बसलेल्या काहीजणांना ते गे आहेत असं समजून मारहाण झाली, त्यात एकाचा जीव गेला. त्यानंतर त्याच जूनमध्ये इथे मोर्चा निघाला, राज्यातला पहिला प्राइड मोर्चा तोच धरतात, आणि त्या काळात साउथमध्ये रस्त्यावर तोंड दाखवायचं म्हणजे नोकरी जायची तयारी ठेवूनच. आता प्राइड सप्टेंबरमध्ये असतो. पॉली मरी याच गावात वाढल्या, कृष्णवर्णीय, वकील, कवी, पुढे पाद्री, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या. १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमधल्या वर्णभेदावरून त्यांना अटक झाली तेव्हा त्यांनी गांधीजींचा सत्याग्रहाचा मार्ग वापरून बघितला होता. वेस्ट एन्डमधलं त्यांचं लहानपणीचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि गावात भिंतींवर त्यांची मोठमोठी चित्रं आहेत, आईबाबा कधी आले तर आधी तिकडे ने, विषय काढायला बरं पडतं.

राहायला बघायचं तर ड्यूक विद्यापीठाच्या ईस्ट कॅम्पसच्या आजूबाजूला बघ. ट्रिनिटी पार्क सुंदर, मोठी झाडं, जुनी घरं, पण भाडं ऐकून घाम फुटेल. नाइन्थ स्ट्रीटच्या मागे ओल्ड वेस्ट डरहॅम आहे, पूर्वी अर्विन मिलच्या कामगारांची वस्ती, लहान लहान लाकडी घरं, पुढे व्हरांडा, तिथे अख्खं घर दोघांत परवडू शकतं आणि तुझ्या पार्टनरला हॉस्पिटल अगदी जवळ. शेजारचं वॉट्स-हिलंडेल पण छान, ४ जुलैला तिथे गल्लीतली मुलं सायकली सजवून स्वतःची परेड काढतात. लेकवूड आणि ड्यूक पार्क पण बघून ये. आय-चाळीस हायवेच्या दक्षिणेला नवीन कॉम्प्लेक्स आहेत, जिम-स्विमिंग पूलवाले, तुझ्या ऑफिसला जवळ, पण तिथे शेजारी कोण ते वर्षभर कळत नाही, काहींना तेच हवं असतं म्हणा.

बघायला जाशील तेव्हा शनिवारी सकाळी जा, सेंट्रल पार्कात शेतकरी बाजार भरतो, तिथे दोघं एकत्र फिरा, भाजी घ्या, हात धरावासा वाटला तर धरा, आणि बघा कोण वळून बघतंय. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर जे घर आवडलंय त्याच गल्लीतून पुन्हा एकदा चाला. व्हरांड्यावरचे इंद्रधनुषी झेंडे दिसतीलच, पण नुसत्या झेंड्यावर जाऊ नकोस, झेंडा घरमालकाचा असतो, गल्लीचा नसतो.

एजंटला 'इथे गे लोक राहतात का' असं विचारलंस तर तो गुळमुळीत बोलेल, रागावू नकोस, वस्तीत कुठली माणसं आहेत ते सांगून गिऱ्हाईक इकडे-तिकडे वळवणं त्यांना मना आहे. त्यापेक्षा पहिल्याच फोनला सांगून टाक, 'मी आणि माझा पार्टनर, आम्ही दोघं पुरुष आहोत, लीजवर दोघांची नावं हवीत.' ज्याला त्रास आहे तो तिथेच गळेल आणि तुझी चक्कर वाचेल. ते २०२१ चे नियम मुख्यतः नोकरी आणि दुकानं-हॉटेलं अशा जागांबद्दल आहेत, म्हणून घरमालकाची पारख आपली आपणच करायची. आणि दोघांची नावं हा हट्ट सोडू नकोस. एकाच्या नावावर लीज आणि दुसरा नुसता राहणारा, असं असेल तर भांडण झालं किंवा उद्या काही बरंवाईट झालं की दुसरा रस्त्यावर. लग्न केलेलं नाही तोवर हेल्थ केअर पॉवर ऑफ अटर्नी पण करून घ्या, इथे दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो, आजारपणात तुझ्या वतीने कोणी बोलायचं हे लेखी हवं, नाहीतर कोल्हापूरला फोन जाईल.

राहिला मराठी मंडळींचा प्रश्न. खरं सांगू का, कॅरी-मॉरिसविल धोकादायक अजिबात नाहीये, तिथे तुला मार पडायची भीती नाहीये, तिथे भीती आहे ती लिफ्टमधल्या 'मग लग्नाचं काय?' ची. ती पोलिसांत देता येत नाही. म्हणून राहा डरहॅमला आणि खरेदी कर मॉरिसविलला, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. इंडियन किराणा तिथेच राहणार, चर्च स्ट्रीट पार्कातलं क्रिकेटही. गणपतीला एकटा जायचं की दोघांनी, ते या वर्षीच ठरवायला पाहिजे असं कुठाय? आणि एक, त्या काकूंपैकी एखादीला आधीच अंदाज असणार बघ, आणि डबा देताना ती दोघांपुरता देईल.

प्रश्न: नमस्कार. मी साताऱ्याची, वय ६३. मुलगा आणि त्याचा जोडीदार डरहॅमला घर घेतायत, ट्रिनिटी पार्क म्हणून भाग आहे. मी मे महिन्यात चार महिन्यांसाठी जाणार आहे. मला त्यांचं समजलंय आणि मान्यही आहे, पण तिथे शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचं? आणि माझ्याशी बोलायला कोणी असेल का?

उत्तर: वहिनी, 'हा माझा मुलगा आणि हा त्याचा जोडीदार' एवढंच सांगायचं, त्या गल्लीत पुढचा प्रश्न तुम्ही किती दिवस आहात हाच येईल. बोलायला माणसं आहेत. ट्रँगलमध्ये पीफ्लॅगची शाखा आहे, ती आईवडिलांचीच संस्था, पण इंग्रजीतून बोलावं लागतं. देसी रेनबो पॅरेंट्स म्हणून भारतीय पालकांचा अमेरिकेतला गट आहे, त्यांच्या बैठका ऑनलाइन होतात, मुलाला सांगा जोडून देईल. आणि जायच्या आधी मुंबईच्या 'स्वीकार'शी बोला, तिथे तुमच्यासारख्या आया भरपूर आहेत आणि मराठीत बोलता येतं.

घर बघताना मुलाला एवढं विचारा की तुमची खोली खालच्या मजल्यावर आहे ना, ती जुनी घरं दुमजली असतात आणि जिने उभे. जून-जुलैत तिथे उकाडा आणि दमटपणा मुंबईसारखा असतो, तेव्हा सुती साड्या घ्या. मेतकूट नेऊ नका, मॉरिसविलला मिळतं, त्याऐवजी जागा उरली तर कंदी पेढे न्या, त्या दुसऱ्या पोराने ते अजून खाल्ले नसतील.