एमपीएचला येतेयस? मग हे आधी ऐक

तू बीडीएस आहेस म्हणून घाबरू नकोस. एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, एमबीबीएसच लागतं हा गैरसमज आहे. नीट-पीजी देऊन तीन वर्षं करायची ती कम्युनिटी मेडिसिनची एमडी, तो रस्ता वेगळा. आपला एमपीएच दोन वर्षांचा. मुंबईच्या टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) यायचं तर सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या अर्जाची तारीख चुकवू नकोस. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची प्रक्रिया मात्र स्वतंत्र असते. पात्रता दरवर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, सीनियरच्या (माझ्यासुद्धा!) तोंडी माहितीवर जाऊ नकोस.

प्रवेश मिळतो गं, पण गाडी अडते ती प्रबंधात. माझा प्रस्ताव नीतिमत्ता समितीकडून परत आला. का? मुलाखत देणाऱ्या बायकांसाठीच्या मराठी संमतीपत्रात ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्यच नव्हतं. पुन्हा मंजुरी येईस्तोवर पेरण्या सुरू झाल्या; दुपारी घरं बंद, बायका शेतात. शेवटी मुलाखती रात्री आठनंतर, ओसरीवर बसून घेतल्या.

म्हणून विषय पहिल्याच वर्षी ठरव. संमतीपत्र गावातल्या आशाताईंना मोठ्याने वाचायला लाव. त्या जिथे अडखळतील, तिथे वाक्य बदल. आणि बायोस्टॅटला (जैवसांख्यिकीच्या तासांना) दांडी मारू नकोस बाई, विश्लेषणाच्या वेळी रडायला होतं.