धमनीचा 'दाह' म्हणावं की 'सूज'?

प्रश्न असा आहे: "हृदयविकारावरच्या लेखात 'धमनीच्या भिंतीत दाह होतो' असं वाचलं. दाह म्हणजे जळजळ, आग. रुग्णाला धमनीत आग होते का? साधं 'सूज' म्हटलं तर काय बिघडतं?"

माझं मत 'दाह'च्या बाजूने आहे. बोलताना दाह ही रुग्णाची तक्रार असते, वैद्यकीय लिखाणात मात्र तो तक्रारीमागच्या प्रक्रियेचं नाव होतो. इंग्रजी 'इन्फ्लमेशन' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचंही तसंच झालं, त्याचा मूळ अर्थ 'पेटवणे'. रोमच्या सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. धमनीत यातलं काहीच रुग्णाला जाणवत नाही, कारण सगळा प्रकार पेशींच्या पातळीवर चालतो.

एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. त्यामुळे चाळवलेलं अस्तर आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं आणतं. रक्तातून जाणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून भिंतीत शिरतात आणि तिथे त्यांच्या महाभक्षक पेशी होतात. त्या एलडीएल इतकं गिळतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात ('फेनपेशी' हा शब्द मला फार आवडतो). कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे याच पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन सोडतात आणि त्याने दाह आणखी भडकतो. मागोमाग टी पेशी (प्रतिकारयंत्रणेच्याच आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) येतात. त्यांच्या इंटरफेरॉन गॅमा या प्रथिनामुळे, भिंतीत हे सगळं साचून झालेल्या गाठीवरच्या आवरणासाठी नवं कोलॅजन (आवरणाला बळकटी देणारं प्रथिन) बनणं मंदावतं, तर महाभक्षकांची विकरं (एन्झाइम) आधीपासून असलेलं कोलॅजन तोडत राहतात. पातळ झालेलं आवरण फाटलं की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हार्ट ॲटॅक येतो. 'चरबीने नळी तुंबली' या वर्णनात यातलं काहीच येत नाही.

'सूज' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर सुजलेला पाय येतो. 'शोथ' पाठ्यपुस्तकात चालतो, पण आयुर्वेदात त्याचाही अर्थ सूजच, आणि सामान्य वाचकाला तो परका वाटतो.

एक पथ्य मात्र पाळावं. 'धमनीदाह' असा समास या आजारासाठी करू नये. त्यावरून ताकायासूसारखे वेगळेच आजार सूचित होतात, ज्यांत प्रतिकारयंत्रणा थेट धमनीच्या भिंतीवर उलटते. इथे 'धमनीच्या भिंतीतला दाह' असं सोडवूनच लिहावं. आजाराचं नाव धमनीकाठिण्य किंवा विश्वकोशातलं रोहिणीविलेपी विकार.

रक्ततपासणीच्या रिपोर्टमधल्या 'सीआरपी'बद्दलही (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) गैरसमज होतो, म्हणून सांगतो. त्यातला 'सी' म्हणजे जीवनसत्त्व क नव्हे. १९३० साली हे प्रथिन सापडलं ते न्यूमोकोकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी त्याची प्रतिक्रिया होते म्हणून. ते यकृतात बनतं आणि शरीरात कुठेही दाह असला तरी वाढतं, त्यामुळे एकट्या सीआरपीवरून दाह धमनीतच आहे असं म्हणता येत नाही.

'दाह' हा नुसता शब्दालंकार आहे असं अजूनही वाटत असेल, तर २०१७ सालची कॅनाकिनुमॅबची चाचणी पाहावी. पूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ती झाली. हे औषध इंटरल्युकिन-१ बीटाला रोखतं. एलडीएल त्याने कमी झालं नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले, कारण रोखलेलं प्रथिन संरक्षणाचंही काम करत होतं.