पोरी, त्या लिंकवर बोट ठेवू नकोस

विश्रामबाग, सांगली
रविवार सकाळ

पोरी, अनेक आशीर्वाद.

रात्री तू पाठवलेली लिंक सकाळी बघितली. ‘तुमचा सिबिल स्कोअर मोफत पहा, आज शेवटचा दिवस.’ खाली तुझा प्रश्न, ‘काका, करू का?’ विचारलंस ते फार बरं केलंस. करू नकोस. स्वतःचा अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि हप्त्यांचा लेखाजोखा, मागण्याला शेवटचा दिवस नसतो. तो ३६५ दिवस मिळतो.

फोनवरच सांगणार होतो, पण तू कुपवाडच्या एमआयडीसीतून सुटतेस तेव्हा माझे डोळे मिटायला लागलेले असतात. म्हणून लिहितोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे छायाप्रतीला जसं झेरॉक्स म्हणतात, तसं स्कोअरला, म्हणजे कर्ज किती नीट फेडतो ते दाखवणाऱ्या आकड्याला, सिबिल म्हणतात. खरं तर सिबिल ही एक कंपनी आहे, २००० साली सुरू झालेली. आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींवर पतमाहिती कंपन्यांसाठीचा २००५ चा कायदा आणि रिझर्व्ह बँकेची नजर. बँका आणि फायनान्स कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती या चौघींकडे पाठवतात. जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की यातल्या प्रत्येकीने प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, फुकट द्यायचा. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. चार कंपन्या, चार अहवाल, शून्य रुपये. ही कुणाची ऑफर नाही, तुझा हक्क आहे. म्हणून फुकट देतो म्हणत बदल्यात काही मागणाऱ्याकडे मी आधी संशयानेच बघतो.

आता दार कुठलं ते. गुगलवर शोधू नकोस. वर जे पहिले दोनतीन निकाल येतात ते पुष्कळदा पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात. पत्ता स्वतः टाइप कर : सिबिलसाठी सिबिल डॉट कॉम, एक्स्पेरियनसाठी एक्स्पेरियन डॉट इन. आणि पत्ता माणसाच्या नावासारखा वाच. सांगलीत संतोष शंभर सापडतील, ओळख पटते ती आडनावावरून. वेबसाइटचं आडनाव म्हणजे सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी, डॉट कॉम किंवा डॉट इनसकट जे असतं ते. तू पाठवलेल्या लिंकमध्ये सिबिल हा शब्द आहे खरा, पण तो सुरुवातीला, पहिल्या नावाच्या जागी. आडनाव कुणा भलत्याचंच आहे. एवढं बघायला शिकलीस तर निम्मे भामटे तिथेच गळतात. आणि लिंकऐवजी कुणी ‘सिबिल रिपोर्ट’ नावाची एपीके फाइल पाठवली तर ती उघडूसुद्धा नकोस. ते अॅप असतं, कागद नव्हे. एकदा फोनमध्ये बसलं की तुझे ओटीपी तुझ्याआधी तेच वाचतं.

खऱ्या दारातून आत गेल्यावर पॅन, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल विचारतील. नाव पॅनवर आहे तसंच लिही. ओटीपी येईल तो त्याच पानावर भर, फोनवर कुणाला सांगू नकोस. कधी ओळख पटवायला तुझ्या जुन्या कर्जाबद्दल एखादा प्रश्न येतो, त्याला घाबरू नकोस. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, कार्डामागचे तीन आकडे, नेट बँकिंगचा पासवर्ड, यातलं काहीही अहवालाला लागत नाही. मागितलं की पान बंद कर.

पुढे एक पान येईल तिथे पैसे भरायच्या योजना मोठ्या रंगीत चौकटीत मांडलेल्या असतील. फुकटचा रस्ता कुठेतरी कडेला बारीक अक्षरात असतो. इथे खऱ्या कंपन्यांचाही मला राग येतो. हक्काची गोष्ट शोधायला लावणं काही शोभत नाही. घाई न करता बारीक अक्षरं वाच. आणि ‘कर्जाच्या ऑफर पाठवा’ असल्या मजकुराशेजारी खूण असेल तर ती काढ, नाहीतर वर्षभर जेवताना फोन येत राहतील. यूपीआयच्या आणि बँकांच्या अॅपमध्ये स्कोअर दिसतो तो खोटा नसतो, पण तो फक्त आकडा. तुला हवाय तो अहवाल.

तू मागे म्हणालीस, स्टँडजवळचा ऑनलाइनवाला दोनशे रुपयांत सिबिल काढून देतो. दोनशे जातील त्याचं मला एवढं काही नाही. तो फॉर्ममध्ये ईमेल कुणाचा टाकतो ते विचार. गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, म्हणून तो आपलाच टाकतो. मग तुझं खातं त्याच्या ईमेलवर उघडतं, अहवाल त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये पडून राहतो, आणि त्यात तुझा पॅन, पत्ता, खात्याची माहिती सगळं. माणूस वाईटच असेल असं नाही. पण त्याच खुर्चीवर उद्या दुसरा पोरगा बसतो. प्रिंट लागलीच तर पेन ड्राइव्ह ने आणि समोर फाइल पुसायला लाव. दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअॅप करू नकोस. बाकी काम घरी बसून तुझ्या फोनवर दहा मिनिटांचं आहे.

मोबाइल नंबर तुझाच हवा याला आणखी एक कारण आहे. कुठल्याही बँकेने तुझा अहवाल मागवला की तो देणारी कंपनी तुला मेसेज किंवा ईमेल पाठवते, तसा नियम आहे. तुझ्या पॅनवर परस्पर कुणी कर्ज उचलायला गेलं तर पहिली खबर तुला तिथूनच लागेल.

आता अहवाल हातात आल्यावर आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघ. तो ३०० ते ९०० मध्ये कुठेतरी असतो आणि चार कंपन्यांचा चार तऱ्हांचा येऊ शकतो, कारण प्रत्येकीचं गणित वेगळं. आधी चौकशांचा भाग काढ. शोरूमच्या पोराने तुला ‘सिबिल बसत नाही’ म्हणून परत पाठवलं, त्या दिवशी त्याने एकाच स्कूटरसाठी किती फायनान्स कंपन्यांकडे अर्ज लावला होता? तू एकाच कागदावर सही केलीस असं म्हणतेस. तिथे तीन नावं दिसली तर मला आश्चर्य वाटणार नाही. कर्ज देणाऱ्याने केलेली प्रत्येक चौकशी नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा पुष्कळ जमल्या की पुढचा सावकार बिचकतो. तू स्वतः अहवाल काढलास तर स्कोअर कमी होत नाही. ही भीती काढून टाक, यापायी लोक वर्षानुवर्षं अहवाल बघतच नाहीत.

मग कर्जखात्यांचा भाग. इथे मला तुझ्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. परवा तू म्हणालीस, ‘माझ्या नावावर कर्जच नाही, कॉलेजचं आहे ते बाबांचं.’ नाही ग. शिक्षणकर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असतं, वडील सहकर्जदार. ते तुझ्या अहवालात आहे आणि त्यांच्याही. शिक्षण संपल्यावर बहुतेक बँका वर्षभर थांबतात, मग हप्ता सुरू होतो. तुझा सुरू होऊन आता दीडेक वर्ष झालं असेल. हप्ता महिन्याला येतो. बाबांचा बेदाणा तासगावला काही दर महिन्याला विकला जात नाही. माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, भाव बघायचा, मग विकायचा आणि चार हप्ते एकदम भरून यायचं, असंच तुझे बाबा करत असणार. त्यांच्या हिशेबात ते चोख आहेत, पैसा बुडवलेला नाही. पण अहवालात महिन्यामहिन्याची चौकट असते आणि त्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. ०००‌ असेल तर ठीक. त्याऐवजी ३०, ६० दिसले तर शोरूमच्या नकाराचं मूळ तिथे आहे. मागच्या ३६ महिन्यांचं असं दिसतं. ते पुसता येत नाही, कारण ते खरं आहे. बाबांवर चिडू नकोस. हप्ता तुझ्या पगाराच्या खात्याला लावून घे आणि स्कूटर थोडी पुढे ढकल. कुपवाडला बस जाते.

खरं ते पुसता येत नाही, चुकीचं मात्र दुरुस्त होतं. माझंच सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला. दुरुस्तीला कर्ज काढलं, मुदतीआधी फेडलं, नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला घेतला. पुढे सहज म्हणून अहवाल काढला तर ते कर्ज चालूच आणि वर बाकी. आयुष्यभर बँकेत टेबलावर बसलेला मी, आणि स्वतःच्या खात्याकडे दोन वर्षं बघितलं नव्हतं! अहवालावरचा कंट्रोल नंबर घालून त्याच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार केली, बँकेला दाखल्याची प्रत दिली. तक्रारीला पैसे पडत नाहीत. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्याने होकार दिला की बदलते. म्हणून ‘पैसे द्या, सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हातात काहीच नसतं. तीन आठवड्यांत माझं काम झालं. आता तर नियम आणखी कडक आहे : एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. तरीही कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, माहितीसाठी १४४४८ ला फोन कर. नो ड्यूजचा दाखला मात्र जपून ठेव. माझा पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर आहे. पुरानंतर आमचं सगळंच माळ्यावर.

या वर्षीचे चारही एकदम संपवू नकोस. आता सिबिल आणि क्रिफ काढ, उरलेले दोन सहा महिन्यांनी, म्हणजे हप्ता तुझ्या खात्यातून जायला लागल्यावर काय फरक पडला ते दिसेल.

आणि ती लिंक तुझ्या कंपनीतल्या मुलींच्या ग्रुपवर आलेली म्हणालीस. कुणी तिथे आधीच पॅन, ओटीपी भरला असेल तर लाजत बसू नये म्हणावं. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन आणि बँकेला कळवायचं. गेले नसले तरी बँकेला सांगून ठेवायचं आणि महिन्याभराने अहवालात नवं कर्ज किंवा चौकशी आलीय का ते बघायचं.

अहवाल निघाला की चौकशांची यादी आणि शिक्षणकर्जाच्या चौकटीतले आकडे फोनवर वाचून दाखव, मी वहीत लिहून घेतो. फोटो मलाही पाठवू नकोस. माझा फोन नातवाच्या हातात असतो आणि तो काय कुठे पाठवतो ते मला कळत नाही.

तुझा,
काका