छोट्या टीमने एकत्र रोडमॅप कुठे आणि कसा लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात वागळे इस्टेटला आठ-दहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, रोडमॅप (पुढे कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं त्याची यादी) मालकांच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये असतो आणि त्याच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आता तो सगळ्यांना मिळून लिहिता येईल अशा ठिकाणी न्यायचाय. गूगल शीट्स घ्यावं की नोशन (नोंदी आणि याद्या एकत्र ठेवायचं ऑनलाइन टूल), आणि क्लायंटला लिंक द्यावी का?

मी नवी मुंबईत महापेला व्यापाऱ्यांच्या बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरवर प्रॉडक्टचं काम बघतो. आमची बरीचशी गिऱ्हाइकं तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातली आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातली, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

टूलचं आधी उरकतो. तुमची माणसं एक्सेलवर वाढली आहेत, शीट्स घ्या. नोशन दिसायला देखणं आहे, एकच यादी बोर्ड म्हणूनही दिसते आणि टाइमलाइन म्हणूनही. पण फुकट प्लॅनवर एकाहून जास्त मेंबर घेतले की ब्लॉकची (परिच्छेद, ओळ, चित्र असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक) मर्यादा आड येते, आणि सेल्सवाल्याने ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने फोनवर उघडायचं असेल तर साधी शीटच बरी. जिराबिरा, म्हणजे मोठ्या टीमची कामं नोंदवायची अवजड टूल्स, त्यांच्या वाटेला आत्ता जाऊच नका.

डोकं लावायचं ते परवानग्यांवर. एकाच फाइलमध्ये दोन टॅब करा: ‘मागण्या’ आणि ‘रोडमॅप’. मागण्यांमध्ये कोणीही, कधीही, काहीही लिहावं. रोडमॅपचा टॅब मात्र डेटा मेनूतल्या ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ने बंद करा आणि ओळी वर-खाली करायचा हक्क एकाच माणसाला द्या. सगळ्यांना दिलात तर सोमवारी सेल्सची ओळ वर असते आणि मंगळवारी सपोर्टची. मालकांनाही हा हक्क देऊ नका, असं मी म्हणेन. देणं भागच असेल तर निदान प्रत्येक बदलामागे कारणाची एक ओळ लिहायला लावा. कोणी काय बदललं ते तसंही लपत नाही, सेलवर राइट-क्लिक करून ‘शो एडिट हिस्ट्री’ बघितलं की नावासकट कळतं.

मागण्यांच्या टॅबला तीन कॉलम पुरतात: कोणी मागितलं, अडचण काय, आणि आज ते लोक त्यावर काय जुगाड करतात. तिसरा कॉलम भरायला सगळे कंटाळतात, पण सगळं गुपित तिथेच असतं. आमच्याकडे एकदा सेल्सने लिहिलं, ‘उधारीचा पॉप-अप पाहिजे. अर्जंट.’ तिसरा कॉलम रिकामा. मी त्या सेलवर कमेंट टाकून त्याला टॅग केलं. पुढची बोलाचाली साधारण अशी झाली:

मी: पॉप-अप बघणार कोण? तिथे बिल कोण करतं?

सेल्स: मेहताजी, दुकानाचे हिशेबनीस.

सपोर्ट: अहो, मेहताजींना उधारी तोंडपाठ असते. मला फोन येतो तो शेठचा, गाडी भरून गेल्यावर. ‘एवढी बाकी असताना माल सोडलाच कसा?’

डेव्हलपर: मग बिलावर इशारा देऊन काय उपयोग? डिलिव्हरी चलनावरच अडवायला पाहिजे.

सेल्स: बरोबर. आणि शेठच्या मोबाइलवर मंजुरी मागा, ते दुकानात नसतातच.

रोडमॅपवर ओळ गेली ती अशी: ‘उधारीची मर्यादा ओलांडलेल्या पार्टीचं चलन शेठच्या मंजुरीशिवाय निघू नये.’ पॉप-अपचं नावही उरलं नाही. ही गोष्ट मीटिंगमध्ये निघाली नसती, कारण सपोर्टवाली मुलगी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि कमेंटमध्ये मात्र भरभरून लिहिते. एक पथ्य पाळा: चर्चा संपली की ठरलेली गोष्ट आधी सेलमध्ये लिहा आणि मगच ‘रिझॉल्व्ह’ दाबा. रिझॉल्व्ह केलेली कमेंट नजरेआड होते, ती उकरून काढायला नंतर कोणी जात नाही.

आता तारखा, कारण भांडणं यांच्यावरूनच होतात. रोडमॅपच्या टॅबमध्ये महिन्यांचे कॉलम करू नका. ‘आत्ता’, ‘पुढे’, ‘नंतर’ एवढंच ठेवा. नाऊ-नेक्स्ट-लेटर ही मांडणी प्रॉडपॅड या रोडमॅपच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या जॅना बास्टो यांची, आणि छोट्या टीमला तीच झेपते. तारीख फक्त बाहेरून आलेल्या कामाला लावायची, म्हणजे सरकारने दिलेल्या किंवा करारात सही झालेल्या. पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं, त्याची अधिसूचना मे महिन्यातच निघाली होती. अशा कामाला ठसठशीत तारीख लिहा आणि ती ओळ लाल करा.

पण २०२५ आठवा. जीएसटी परिषदेने नवे दर जाहीर केले ३ सप्टेंबरला आणि ते लागू झाले २२ सप्टेंबरपासून. मधे १९ दिवस, त्यातही अनंत चतुर्दशी ६ तारखेला. आमची अर्धी टीम कोकणात, नेटवर्क शोधत. दर बदलायचे, जुन्या दराने निघालेल्या बिलांच्या क्रेडिट नोटा सांभाळायच्या, वर व्यापाऱ्यांचे फोन. त्या आठवड्यात ‘आत्ता’मधलं सगळं उचलून ‘पुढे’त टाकलं आणि कोणाची माफी मागावी लागली नाही, कारण त्यातल्या कशालाच आम्ही तारीख दिलेली नव्हती. हीच यादी महिन्यांच्या कॉलममध्ये असती तर सेल्सने डझनभर गिऱ्हाइकांना ‘सप्टेंबरमध्ये येतंय’ सांगून ठेवलं असतं.

उलट, काम बंद असण्याचे दिवस मात्र आधीच लिहून ठेवा. गणपती, दिवाळी, मार्चअखेर. आमच्या धंद्यात जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही व्यापाऱ्यांची दर महिन्याची जीएसटी विवरणपत्रं, पहिल्याची ११ आणि दुसऱ्याची २० तारीख, त्यांच्या आदल्या दोन दिवसांत रिलीज नाही. हे रोडमॅपच्या डोक्यावरच लिहिलंय, म्हणजे नव्या माणसालाही विचारावं लागत नाही.

प्रत्येक ओळीला एकच नाव. ‘टेक टीम’ हे नाव नव्हे. राइस (RICE) वगैरे कामांना गुण देऊन क्रम लावण्याच्या पद्धती मोठ्या कंपन्यांना लखलाभ. आठ माणसांत आकडे शेवटी आधी ठरलेल्या उत्तराकडेच वळवले जातात. दर महिन्याला व्हर्जन हिस्ट्रीत जाऊन ‘नेम करंट व्हर्जन’ने प्रतीला नाव द्या, म्हणजे ‘फायनल २’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची गरज उरत नाही.

क्लायंटला ही लिंक अजिबात देऊ नका. टॅब लपवला म्हणून तो सुरक्षित होत नाही. फाइलची कॉपी करता येत असेल तर लपवलेला टॅबही उघडता येतो. नोशनमध्येही फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे. वेगळी फाइल करा, तिच्यात ‘इम्पोर्टरेंज’ने (दुसऱ्या शीटमधला मजकूर आणणारा फॉर्म्युला) हव्या तेवढ्याच ओळी आणा आणि फक्त बघण्याचा अ‍ॅक्सेस द्या. एडिटचा दिलात तर तोच फॉर्म्युला बदलून मूळ फाइलमधलं बाकीचंही खेचता येतं. त्या फाइलमध्ये ‘आत्ता’ आणि ‘पुढे’ एवढंच दाखवा. ‘नंतर’चा कॉलम दिसला की शेठ दर भेटीत सेल्सवाल्याकडे त्याचीच चौकशी करतात.